जड आयनांच्या स्थानांतरण अभिक्रिया आणि न्यूक्लिऑन-युग्मांचा शोध

प्रस्तावना

पदवीच्या तिसऱ्या वर्षास अणुकेंद्रकाच्या बंधन ऊर्जेचे अर्ध-प्रायोगिक सूत्र शिकविताना फळ्यावर पाच पदे लिहिली जातात. आकारमान, पृष्ठभाग, विद्युत प्रतिकर्षण व असममिती या चार पदांचे स्पष्टीकरण द्रवबिंदूच्या उपमेने सहज होते. पाचवे पद मात्र द्रवबिंदूत बसत नाही. प्रोटॉन व न्यूट्रॉन या दोहोंची संख्या सम असेल तर हे पद धन, दोन्ही विषम असतील तर ऋण, आणि एक सम व एक विषम असेल तर शून्य, एवढे सांगून आपण पुढे जातो. क्रमिक पुस्तकेही या युग्मन-पदास चार-दोन ओळींपेक्षा अधिक जागा देत नाहीत. परीक्षेच्या दृष्टीने ते पुरेसे असेलही. परंतु या एका पदामागे केंद्रकीय भौतिकशास्त्रातील गेल्या सहा-सात दशकांचा एक अत्यंत जिवंत वाद दडलेला आहे, याची जाणीव विद्यार्थ्यांस क्वचितच होते.

केंद्रकातील दोन न्यूट्रॉन किंवा दोन प्रोटॉन खरोखर जोडीने वावरतात काय, आणि वावरत असल्यास ते प्रत्यक्ष प्रयोगाने कसे दाखवावयाचे, हा त्या वादाचा गाभा आहे. ही जोडी पाहण्याचा एक मार्ग असा की, दोन केंद्रके एकमेकांच्या इतकी जवळ आणावयाची की ती पुरती भिडू नयेत, परंतु एकातून दुसऱ्यात न्यूक्लिऑन जाऊ शकतील. आणि मग एक किती वेळा गेला व दोन किती वेळा गेले हे मोजावयाचे. यासच जड आयनांच्या स्थानांतरण अभिक्रिया म्हणतात. मुंबई व नवी दिल्ली येथील त्वरकांवर या विषयाचे काम झालेले असून विज्ञान शाखेबाहेरील प्राध्यापकांनाही त्याचे स्वरूप समजावे, या हेतूने प्रस्तुत लेखात त्याचे विवेचन करण्यात आले आहे.

जोडीची चाहूल

युग्मनाचा सर्वांत साधा पुरावा ऑक्सिजनच्या समस्थानिकांत मिळतो. केंद्रकातून एक न्यूट्रॉन बाहेर काढण्यास लागणाऱ्या ऊर्जेस विलगन ऊर्जा म्हणतात. ऑक्सिजन-१७ मधून शेवटचा न्यूट्रॉन काढण्यास ४.१४ एमईव्ही, म्हणजे ४.१४ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, इतकी ऊर्जा पुरते. ऑक्सिजन-१८ मध्ये तीच ८.०४ एमईव्ही होते आणि ऑक्सिजन-१९ मध्ये पुन्हा ३.९६ पर्यंत खाली येते. नववा न्यूट्रॉन एकटा आहे म्हणून सैल आहे. दहावा आला की दोघेही घट्ट बसतात. अकरावा पुन्हा एकटा पडतो. सम-विषमतेचा असा चढउतार संपूर्ण केंद्रक-कोष्टकात आढळतो. सर्व सम-सम केंद्रकांच्या भूमी-अवस्थेचे परिवलन शून्य असते, या नियमास एकही अपवाद ज्ञात नाही. स्थिर विषम-विषम केंद्रके हलक्या मूलद्रव्यांत अवघी चार आहेत: हायड्रोजन-२, लिथियम-६, बोरॉन-१० आणि नायट्रोजन-१४. उलट कथिलासारख्या, सम प्रोटॉनसंख्या असलेल्या मूलद्रव्यास दहा स्थिर समस्थानिक लाभले आहेत आणि त्याच्या शेजारच्या अँटिमनीस केवळ दोन.

या चढउताराचे तात्त्विक स्पष्टीकरण अनपेक्षित दिशेने आले. बार्डीन, कूपर व श्रीफर यांनी १९५७ मध्ये धातूंच्या अतिसंवाहकतेचा सिद्धान्त मांडला. अतिशीत धातूत विरुद्ध संवेग व विरुद्ध परिवलन असलेले इलेक्ट्रॉन जोड्या बांधतात, त्या जोड्या एकाच पुंज-अवस्थेत एकवटतात आणि त्यामुळे उत्तेजन-ऊर्जेत एक फट निर्माण होते, हे त्याचे सार. पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, ओगे बोर, बेन मॉटेलसन व डेव्हिड पाइन्स यांनी केंद्रकांच्या उत्तेजित अवस्थांतही अशीच फट दिसते याकडे लक्ष वेधले. सम-सम कथिलाच्या समस्थानिकांत पहिली उत्तेजित अवस्था जवळजवळ सर्वत्र १.२ एमईव्हीच्या आसपास आढळते. न्यूट्रॉन वाढत गेले तरी ती फारशी हलत नाही, ही बाब सुट्या न्यूक्लिऑनांच्या चित्रात बसणे अवघड आहे.

येथे एका मूलभूत भेदाकडे लक्ष देणे आवश्यक आहे. ॲल्युमिनियममध्ये इलेक्ट्रॉन-जोडीचा विस्तार, म्हणजे दोन सहचरांमधील सरासरी अंतर, हजार नॅनोमीटरांहून अधिक असतो. परंतु धातूचा तुकडा त्याहून कितीतरी मोठा असल्याने जोडीस अडचण नसते. केंद्रकात याच सूत्राने काढलेला जोडीचा विस्तार २५ ते ३० फेम्टोमीटर येतो, आणि कथिल-११६ च्या केंद्रकाचा व्यास मात्र अवघा १२ फेम्टोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे जोडी घरापेक्षा मोठी आहे! ती केंद्रकात मावत नाही. केंद्रकाच्या भिंती तिला दाबून ठेवतात. शिवाय बंद कवचाबाहेरच्या न्यूट्रॉनांचा विचार केल्यास कथिल-११६ मध्ये अशा जोड्या जेमतेम आठ भरतात, तर धातूत एका जोडीच्या क्षेत्रात लक्षावधी जोड्या नांदतात. तेव्हा अतिसंवाहकतेचा सिद्धान्त केंद्रकास लावणे कितपत न्याय्य आहे, ही शंका प्रथमपासूनच होती. केवळ वस्तुमाने मोजून ती फिटणारी नव्हती. जोडी एका केंद्रकातून उचलून दुसऱ्यात ठेवता येते काय, हेच पाहणे भाग होते.

हलक्या कणांकडून जड आयनांकडे

प्रारंभी हे काम हलक्या कणांच्या साहाय्याने करण्यात आले. ट्रिटियमचा मारा करून प्रोटॉन बाहेर पडला तर लक्ष्य-केंद्रकात दोन न्यूट्रॉन शिरले असे समजावयाचे. उलट प्रोटॉनचा मारा करून ट्रिटियम बाहेर आले तर दोन न्यूट्रॉन उचलले गेले. कथिलाच्या समस्थानिकांवरील अशा प्रयोगांत भूमी-अवस्थेकडून भूमी-अवस्थेकडे होणारे स्थानांतरण इतर अवस्थांच्या तुलनेत फार मोठे आढळले. जोडी जशीच्या तशी उचलली जाते, असा त्याचा अर्थ लावण्यात आला आणि तो बव्हंशी योग्यच होता.

मग जड आयनांची गरज काय? पहिले कारण असे की, हलक्या कणाच्या प्रयोगात जोडी बांधणारे केंद्रक एकच असते. ट्रिटियम हे स्वतः काही अतिप्रवाही नव्हे. दोन्ही बाजूंस युग्म-सहसंबंध असलेली केंद्रके हवी असतील तर निकेल व कथील यांसारखी दोन जड केंद्रके समोरासमोर आणावी लागतात. दोन अतिसंवाहक धातूंमध्ये पातळ विद्युतरोधी पापुद्रा ठेवला तर इलेक्ट्रॉनांच्या जोड्या त्यातून पार होतात, असे भाकीत ब्रायन जोसेफसन यांनी १९६२ मध्ये केले होते. दोन केंद्रकांची ही भेट म्हणजे त्या रचनेचे सूक्ष्म प्रतिरूप ठरते. दुसरे कारण व्यवहाराचे आहे. जड आयन आपल्या मोठ्या वस्तुमानामुळे जवळजवळ अभिजात यांत्रिकीच्या मार्गाने, म्हणजे निश्चित अशा अपास्त कक्षेने जातात. ते कोणत्या कोनात फेकले गेले यावरून ते परस्परांच्या किती निकट आले होते, हे काढता येते. प्रयोगकर्त्याच्या हाती अंतर मोजण्याची जणू पट्टीच येते.

अंतराची पट्टी व संभाव्यतेचा उतार

दोन धनभारित केंद्रके एकमेकांस विद्युतबलाने दूर लोटतात. निकेल-६० व कथिल-११६ यांच्यासाठी प्रभारांचा गुणाकार २८ गुणिले ५०, म्हणजे १४०० होतो. त्यांची केंद्रे १४ फेम्टोमीटर अंतरावर असताना विद्युत-स्थितिज ऊर्जा १४४ एमईव्ही भरते. दोन्हींच्या त्रिज्यांची बेरीज साडेदहा फेम्टोमीटरच्या सुमारास असल्यामुळे या अंतरावर दोन पृष्ठभागांच्या मध्ये साडेतीन फेम्टोमीटर इतका रिकामा पट्टा उरतो. अभिजात यांत्रिकीनुसार हा पट्टा ओलांडण्याइतकी ऊर्जा न्यूट्रॉनापाशी नाही. पुंजयांत्रिकीनुसार मात्र त्याच्या तरंगफलनाचे टोक पट्ट्यापलीकडे पोहोचते आणि तो बोगद्यातून जावा तसा पार होतो. यास टनेलिंग म्हणतात.

बंधन ८ एमईव्ही असलेल्या न्यूट्रॉनासाठी हिशेब केला तर अंतर एका फेम्टोमीटरने वाढताच पार जाण्याची संभाव्यता सुमारे साडेतीनपटीने घटते. हा घसरणीचा वेग न्यूट्रॉनाच्या वस्तुमान व बंधन ऊर्जा यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. आता दोन न्यूट्रॉन एकत्र जात आहेत असे मानले तर वस्तुमान दुप्पट, बंधन ऊर्जाही जवळपास दुप्पट. म्हणून घसरणीचा वेगही दुप्पट येतो. दोन न्यूट्रॉन एकमेकांशी काही संबंध नसल्याप्रमाणे स्वतंत्रपणे गेले तरी संभाव्यतांचा गुणाकार होऊन घसरण दुप्पटच येते. ही एक खोच आहे आणि ती नीट लक्षात घेतली पाहिजे. आलेखाचा उतार पाहून जोडी गेली की सुटे सुटे दोन गेले, हे ठरविता येत नाही. दोहोंतील फरक कळतो तो संभाव्यतेच्या प्रत्यक्ष मापावरून.

म्हणून संशोधकांनी एक गुणोत्तर वापरात आणले. एक न्यूट्रॉन जाण्याच्या संभाव्यतेचा वर्ग करावयाचा आणि दोन न्यूट्रॉन जाण्याच्या मोजलेल्या संभाव्यतेस त्याने भागावयाचे. उदाहरणादाखल, ठरावीक अंतरावर एक न्यूट्रॉन शंभर टकरींत एकदा जात असेल तर दोन सुटे न्यूट्रॉन दहा हजारांत एकदा जातील. प्रत्यक्षात ते दहा हजारांत तीनदा गेले, तर हे गुणोत्तर तीन. यास वर्धन गुणांक असे म्हटले जाते. तो एकापेक्षा मोठा आला की युग्मन सिद्ध झाले, असे बरीच वर्षे मानण्यात आले. प्रस्तुत लेखकाच्या मते हा गुणांक सोयीचा खरा, पण दिशाभूल करणाराही ठरला. कारण दोन न्यूट्रॉन गेल्यानंतर केंद्रक कोणत्या अवस्थेत उरले याचा त्यात विचारच नाही. जोडी मोडून दोन न्यूट्रॉन वेगवेगळ्या कक्षांत बसले तरी तेही त्याच बेरजेत धरले जातात.

आणखी एका गोंधळाचा उल्लेख येथे करावयास हवा. विद्युत अडथळ्याच्या वरच्या ऊर्जेवर केलेल्या अनेक मोजमापांत दोन न्यूट्रॉनांच्या स्थानांतरणाचा उतार अपेक्षेच्या दुप्पट न येता जवळजवळ एका न्यूट्रॉनाइतकाच आला. या विसंगतीने संशोधकांस पुष्कळ काळ गोंधळात टाकले. अडथळ्याच्या वर केंद्रके एकमेकांत काहीशी घुसतात, केंद्रकीय बल कक्षा वाकविते आणि अधिक हिंसक टकरींतील कणही मोजणीत मिसळतात, हे लक्षात आल्यावर मार्ग स्पष्ट झाला: मोजमाप अडथळ्याच्या बरेच खाली करावयाचे. तेथे संभाव्यता अतिशय अल्प असते आणि ती मोजणे कष्टाचे असते. परंतु तेथे पट्टी वाकडी होत नाही.

मुंबई व दिल्ली येथील साधने

मुंबईत कुलाबा येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्र व टाटा संस्था यांचा संयुक्त पेलेट्रॉन त्वरक १९८८ च्या अखेरीस कार्यान्वित झाला. त्याच्या मध्यभागी असलेल्या अग्रास १४ दशलक्ष व्होल्टपर्यंत विभव देता येते. ऋण आयन या अग्राकडे ओढले जातात, तेथे कार्बनच्या अतितलम पापुद्र्यातून जाताना त्यांचे इलेक्ट्रॉन गळून पडतात, आणि धनभारित झालेले आयन पुन्हा त्याच विभवाने दूर लोटले जातात. एकाच विभवाचा असा दोनदा उपयोग होतो. ऑक्सिजनचे सात इलेक्ट्रॉन गळाले तर पहिल्या टप्प्यात १४ व दुसऱ्यात ९८ मिळून ११२ एमईव्ही ऊर्जा मिळते. याहून अधिक ऊर्जेसाठी त्यास अतिसंवाहक रेषीय त्वरक जोडण्यात आला व तो २००७ मध्ये संशोधकांसाठी पूर्णत्वाने खुला झाला.

या रेषीय त्वरकाचे अनुनादक तांब्याचे असून त्यांच्या आतील बाजूस शिशाचा मुलामा आहे. शिसे ७.२ केल्व्हिनखाली अतिसंवाहक होते. द्रव हेलियममध्ये ते ४.२ केल्व्हिनवर ठेवले जाते. म्हणजे शिशातील इलेक्ट्रॉन-जोड्यांच्या बळावर वेग घेतलेले आयन लक्ष्यावर जाऊन आदळतात, आणि तेथे शोध चालतो तो न्यूक्लिऑन-जोड्यांचा. हा योगायोग वर्गात आवर्जून सांगण्यासारखा आहे. याच भाभा केंद्राच्या गटाने ऑक्सिजन-१८ चा शिसे-२०६ वर मारा करून एक व अनेक न्यूक्लिऑनांच्या स्थानांतरणाचा अभ्यास केला व त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ऑक्सिजनने प्रोटॉन गमावले तर नायट्रोजन, कार्बन अशी केंद्रके बाहेर पडतात. सिलिकॉनच्या दोन शोधकांची दुर्बीण त्यांना ओळखते: पातळ शोधकात कण किती ऊर्जा गमावतो आणि जाड शोधकात किती उरते, या दोन आकड्यांवरून त्याचा प्रभार व वस्तुमान कळते. या मोजमापाची तुलना कालावलंबी हार्ट्री-फॉक गणनेशी करण्यात आली. प्रत्येक न्यूक्लिऑन इतर सर्वांनी मिळून घडविलेल्या सरासरी क्षेत्रात हलतो, असे ही पद्धती मानते आणि तिच्या साध्या रूपात युग्मन धरलेले नसते. त्यामुळे गणना व मोजमाप जेथे फारकत घेतात, त्या जागा अभ्यासकास अधिक बोलक्या वाटतात.

नवी दिल्लीतील अंतरविद्यापीठ त्वरक केंद्राचे महत्त्व आपल्यासारख्यांच्या दृष्टीने वेगळे आहे. पूर्वी न्यूक्लिअर सायन्स सेंटर या नावाने ओळखली जाणारी ही संस्था विद्यापीठांतील अध्यापक व संशोधक विद्यार्थी यांच्यासाठीच उभारण्यात आली असून तेथील १५ दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन १९९१ पासून वापरात आहे. तेथील हिरा हे नाव मराठी कानास परिचित वाटणारे उपकरण म्हणजे जड आयन अभिक्रिया विश्लेषक होय. दोन विद्युत व त्यांच्यामध्ये एक चुंबकीय द्विध्रुव, अशी त्याची रचना आहे. न आदळता सरळ जाणारे अब्जावधी आयन ते बाजूस सारते आणि आदळून पुढे फेकली गेलेली मोजकी केंद्रके वस्तुमानानुसार वेगळी करून दाखविते. अडथळ्याखालील मोजमापास असे उपकरण अत्यावश्यक ठरते. कारण हवी ती घटना हजारांत, कधी लाखांत एकदाच घडत असते.

या हिरा उपकरणावर सिलिकॉन-२८ च्या शलाकेने झिर्कोनियमच्या दोन समस्थानिकांचा अभ्यास झाला. अडथळ्याजवळील संलयनाचे मोजमाप २०१० मध्ये व स्थानांतरणाचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील निवड मार्मिक आहे. झिर्कोनियम-९० मध्ये ५० न्यूट्रॉनांचे कवच पूर्ण भरलेले असते. त्यातून एक न्यूट्रॉन उचलून सिलिकॉनला देण्यास ३.५ एमईव्ही व दोन देण्यास २.२ एमईव्ही पदरची घालावी लागतात. झिर्कोनियम-९४ मध्ये बंद कवचाबाहेर चार न्यूट्रॉन आहेत. तेथे एक उचलल्यास पाव एमईव्ही आणि दोन उचलल्यास तब्बल ४.१ एमईव्ही ऊर्जा उलट मोकळी होते. प्रोटॉनांची संख्या तीच, विद्युत अडथळा जवळजवळ तोच, आणि तरीही अडथळ्याखाली झिर्कोनियम-९४ चे संलयन कितीतरी अधिक प्रमाणात होते. न्यूट्रॉनांची देवघेव संलयनाची वाट मोकळी करते, हे यावरून सूचित होते. ती देवघेव जोडीने होते की एकेकाने, या प्रश्नास त्यामुळे केवळ तात्त्विक महत्त्व राहत नाही.

लेन्यारो येथील निर्णायक मोजमाप

इटलीतील लेन्यारो येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत प्रिस्मा नावाचा मोठा चुंबकीय वर्णपटमापी आहे. तेथील गटाने एक युक्ती वापरली. जड केंद्रकास लक्ष्य न करता त्याचीच शलाका केली आणि हलके केंद्रक लक्ष्यस्थानी ठेवले. यामुळे बाहेर फेकल्या जाणाऱ्या केंद्रकांची ऊर्जा वाढते व अडथळ्याच्या पुष्कळ खालीही ती नेमकी ओळखता येतात.

प्रथम झिर्कोनियम-९६ व कॅल्शियम-४० ही जोडी घेण्यात आली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात दोन न्यूट्रॉनांची संभाव्यता एका न्यूट्रॉनाच्या वर्गाच्या सुमारे तिप्पट आढळली. वर्धन तर मिळाले, पण त्याचा अर्थ लावणे सोपे नव्हते. या जोडीत दोन न्यूट्रॉन भूमी-अवस्थेत पोहोचल्यास साडेपाच एमईव्ही ऊर्जा मोकळी होते. परंतु न्यूट्रॉनांच्या स्थानांतरणात कक्षा जुळण्यासाठी ऊर्जेची ही देवाणघेवाण शून्याजवळ असावी लागते. म्हणून निसर्गतःच दोन न्यूट्रॉन भूमी-अवस्थेत न जाता सहा एमईव्हीच्या आसपासच्या उत्तेजित अवस्थांत जातात. तेथे शुद्ध जोडी-अवस्थांबरोबर इतरही पुष्कळ अवस्था दाटीने असतात, आणि केवळ जोडी-अवस्था धरून केलेली गणना मोजमापास पुरी पडली नाही.

पुढचा प्रयोग या अडचणीवर उपाय म्हणूनच आखलेला दिसतो. कथिल-११६ ची शलाका व निकेल-६० चे लक्ष्य. येथे एक न्यूट्रॉन गेल्यास पावणेदोन एमईव्ही खर्च होते आणि दोन गेल्यास १.३ एमईव्ही मिळते. दोन्ही आकडे शून्याच्या पुरेसे जवळ आहेत. त्यामुळे दोन न्यूट्रॉन मुख्यतः भूमी-अवस्थेतून भूमी-अवस्थेतच जातात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मोजमापात एका व दोन न्यूट्रॉनांच्या संभाव्यता सूक्ष्मस्तरीय गणनेशी, युग्मन-सहसंबंध धरल्यानंतर, निरपेक्ष प्रमाणात जुळल्या. जड आयनांच्या बाबतीत हे प्रथमच घडले. वर्धन गुणांकासारख्या गुणोत्तराच्या आडोशाने नव्हे, तर प्रत्यक्ष मापाने ही जुळणी झाली, हे या कामाचे खरे मोल आहे.

एकेकाने गेलेली जोडी

या गणनांतून पुढे आलेली बाब सामान्य समजुतीस धक्का देणारी आहे. जोडीचे स्थानांतरण म्हटले की दोन न्यूट्रॉन हातात हात घालून एकाच क्षणी उडी घेतात, असे चित्र डोळ्यांपुढे येते. गणना सांगते की, दोन न्यूट्रॉन मुख्यतः एकामागून एक जातात. मग जोडी राहिली कोठे? याचे उत्तर मघाच्या विस्ताराच्या हिशेबात आहे. जोडीचा विस्तार केंद्रकाहून मोठा असल्याने एक सहचर पलीकडे व दुसरा अलीकडे असतानाही त्यांच्यातील सहसंबंध तुटत नाही. पहिला ज्या अनेक कक्षांतून जाऊ शकतो त्या सर्व वाटांचे पुंज-आयाम एकाच चिन्हाने बेरजेस लागतात आणि एकूण संभाव्यता वाढते. सुट्या न्यूट्रॉनांच्या बाबतीत ही सुसंगती नसते.

धातूंच्या बाबतीतही हेच घडते. विनय आंबेगावकर व ॲलेक्सिस बाराटॉफ यांनी १९६३ मध्ये दोन अतिसंवाहकांमधील प्रवाहाचे सूत्र मांडले. आंबेगावकर हे नाव आडनावावरून मराठी वाचकास जवळचे वाटेल. कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. या सूत्रानुसार जोड्यांचा महत्तम प्रवाह संधीच्या सामान्य रोधाच्या व्यस्त प्रमाणात असतो. साध्या भाषेत, जोडी पार जाण्याचे प्रमाण एका इलेक्ट्रॉनाच्या पार जाण्याच्या प्रमाणात असते, त्याच्या वर्गाच्या नव्हे. जोडी म्हणून पार जाणे एकट्याने जाण्याइतकेच सुलभ! केंद्रकांत जोड्या थोड्या व टक्कर क्षणिक असल्याने इतकी सुलभता अपेक्षित नाही; मोजमाप वर्गाच्या वर व या आदर्शाच्या खाली कोठेतरी पडते. केंद्रकांत जोसेफसन परिणामासारखे काही दिसेल काय, हा विचार डीट्रिच यांनी १९७० मध्येच मांडला होता. २०२१ मध्ये निकेल-कथील जोडीचाच आधार घेऊन, टकरीच्या अल्पावधीत न्यूट्रॉन-जोडी मागेपुढे होताना विशिष्ट गॅमा किरण बाहेर पडावेत, असे भाकीत सैद्धान्तिकांनी प्रसिद्ध केले आहे.

इतर क्षेत्रांशी संबंध

या अभ्यासाचा उपयोग काय, असा प्रश्न अन्य विद्याशाखांतील सहकारी विचारतात व तो रास्त आहे. दोन उदाहरणे देता येतील. न्यूट्रॉन-ताऱ्याच्या कवचात न्यूट्रॉन-जोड्यांचा अतिप्रवाही द्रव असतो असे मानले जाते. वेला स्पंदकाचा परिवलन-वेग सुमारे दर तीन वर्षांनी एकाएकी लक्षांश-दशलक्षांशांनी वाढतो. या अतिप्रवाही द्रवातील भोवरे अकस्मात सुटल्याने असे होते, हे अँडरसन व इतो यांचे १९७५ चे स्पष्टीकरण आजही पायाभूत मानले जाते. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीने स्पंदकांचे असे हिसके नोंदविलेले आहेत. ताऱ्यातील युग्मन थेट मोजता येत नाही. प्रयोगशाळेतील केंद्रके हाच त्याचा आधार आहे.

दुसरे उदाहरण न्यूट्रिनोशिवाय घडू शकणाऱ्या द्विगुणित बीटा-क्षयाचे. तो आढळल्यास न्यूट्रिनो स्वतःचाच प्रतिकण आहे असे ठरेल. पण त्यावरून न्यूट्रिनोच्या वस्तुमानाविषयी अनुमान काढण्यासाठी केंद्रकातील दोन न्यूट्रॉन दोन प्रोटॉनांत बदलण्याचा आयाम ठाऊक असावा लागतो, आणि निरनिराळ्या सिद्धान्तांची उत्तरे यात परस्परांपासून दूर पडतात. सिसिलीतील कातानिया येथे ऑक्सिजन-१८ च्या शलाकेने प्रभाराची दुहेरी अदलाबदल घडवून या आयामाचा मागोवा घेतला जात आहे. तोच शेवटचा बदल दोन प्रोटॉन एका दिशेने व दोन न्यूट्रॉन दुसऱ्या दिशेने जाऊनही घडू शकतो, म्हणून जोडी-स्थानांतरणाचा नेमका हिशेब त्यातून वजा करावा लागतो. त्याच प्रयोगशाळेत ऑक्सिजन-१८ मधून दोन न्यूट्रॉन कार्बनला देऊन महाकाय युग्म-कंपनाच्या खुणा २०१५ मध्ये नोंदविण्यात आल्या. हे कंपन असावे असे भाकीत १९७७ चे. मधली जवळपास चार दशके ते सापडत नव्हते.

अनुत्तरित बाजू

आतापर्यंतचे सुस्पष्ट यश न्यूट्रॉन-जोडीपुरते आहे. प्रोटॉन-जोडीचे स्थानांतरण होताच दोन्ही केंद्रकांचे प्रभार बदलतात, विद्युत प्रतिकर्षण बदलते आणि कक्षा जुळण्यासाठी लागणारी ऊर्जा शून्यापासून दूर सरकते. त्यामुळे भूमी-अवस्थांची जुळणी साधणारी केंद्रके निवडणे कठीण जाते. न्यूट्रॉन व प्रोटॉन यांची मिश्र जोडी हा तर याहून बिकट विषय. दोहोंची संख्या समान असलेल्या जड केंद्रकांत ती दिसावी. परंतु तशी केंद्रके अल्पायुषी असून त्यांच्या किरणोत्सारी शलाका लागतात.

आपल्या देशातील साधनांनी जे शक्य आहे ते निराळे आहे. दोन न्यूट्रॉन गेल्यावर केंद्रक नेमक्या कोणत्या अवस्थेत उरले, ही वर्धन गुणांकातील उणीव गॅमा किरणांच्या एकसमयी नोंदणीने भरून काढता येते. भूमी-अवस्थेत गेलेली जोडी गॅमा किरण सोडत नाही, मोडलेली जोडी सोडते. मुंबई, दिल्ली व कोलकाता येथील त्वरकांवर आळीपाळीने बसविण्यात येणारी भारतीय राष्ट्रीय गॅमा शोधक-श्रेणी या कामास अनुरूप आहे. दिल्ली केंद्रात शलाकेसाठी कोणत्याही विद्यापीठीय अध्यापकास प्रस्ताव देता येतो. प्रस्तावाची छाननी वापरकर्त्यांच्या समितीपुढे होते व तीत पदापेक्षा प्रश्न पाहिला जातो. पैठण रस्त्यावरील चितेगावसारख्या ठिकाणच्या महाविद्यालयात त्वरक नसला तरी विलगन ऊर्जांची कोष्टके सर्वांस खुली आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांस निरनिराळ्या केंद्रक-जोड्यांसाठी एका व दोन न्यूट्रॉनांच्या स्थानांतरणातील ऊर्जा काढावयास सांगितली, तर शून्याजवळ येणाऱ्या जोड्या किती थोड्या आहेत, हे त्यांस एका दुपारच्या तासिकेत कळू शकते. झिर्कोनियम, निकेल व कथील यांसंबंधीचे या लेखातील ऊर्जेचे आकडे अशाच वजाबाकीतून आलेले आहेत.